चौथ्या संग्रहालयातील वृद्ध

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या बंधूचा (वय बावन्न, गुडघे सत्तरीचे) जमेल तितका वाकून नमस्कार. तुझी कंबर आणि भाऊजींचा संताप, दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. भाचीची नोकरी सोमवारी सुरू होते, तोवर तिला खोली मिळालीच पाहिजे, तेव्हा घरमालकांपुढे माणसासारखा वाग, ही तुझी आज्ञा मी शिरोधार्य मानली होती. पुढील वृत्तान्त बसून वाचावा.

मालकांनी चारची वेळ दिली होती. मी अकरालाच शहरात अवतीर्ण झालो. मधला काळ ज्ञानार्जनात घालवावा म्हणून मालकांच्याच रस्त्यावरची तीन विनामूल्य संग्रहालये पाहिली. (विनामूल्य म्हटले की माझी ज्ञानतृष्णा अनावर होते, हे तू जाणतेसच.) तेथे तिकीट नाही, कोणी हटकत नाही, उघडे दार दिसले की आत शिरायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि गंभीरपणे मान डोलवायची. तिसऱ्यानंतर हा माझा देहधर्मच झाला. चौथे दार उघडे दिसताच मी शिरलो. आत लंबकाचे घड्याळ (सव्वातीन, बंदच असणार असे मी गृहीत धरले), पायाचे शिवणयंत्र, आणि आरामखुर्चीत एका वृद्धाचा पुतळा. कलाकृती उत्कृष्ट, मात्र नाक प्रमाणाबाहेर. तसे मी तेथे उभ्या असलेल्या बाईंना (मी त्यांना मार्गदर्शिका समजलो) स्पष्ट सांगितले, आणि कानांतील केस अस्सल आहेत की कसे, हे पाहण्यासाठी किंचित वाकलो.

"अस्सल आहेत," पुतळा म्हणाला. "आपण कोण?"

ताई, आपण कोण, हे त्या क्षणी मला खरोखर आठवेना. "मी... भाचीचा मामा," एवढेच बाहेर पडले.

"अहो, खोली बघायला येणारे ते हेच!" बाई म्हणाल्या. "आणि नाकाचं मी चाळीस वर्षं सांगतेय."

पुतळा पुन्हा निश्चल झाला. मी उलट्या पावली रस्त्यावर आलो. खोली गेली, असे समज. भाचीला हे तूच सांग. मला ते धैर्य नाही.

आज्ञाधारक (तत्त्वतः),
तुझा बंधू

ता. क. आत्ताच मालकांचा फोन आला. खोली भाचीला दिली! "आमचं घर इतकं मन लावून आजवर कुणी पाहिलं नव्हतं," म्हणाले.

ता. क. २. खोलीला खिडकी आहे का, असे तू विचारले होतेस. तेवढ्या एका दालनाचे दार लोटलेले होते. दुरुस्तीसाठी बंद असावे अशा समजुतीने मी आदरपूर्वक मागे फिरलो. तेव्हा रविवारी तूच येऊन बघ. प्रवेश विनामूल्य आहे.