डाव्या दंडावरचा डाग

बाबूजी, देवळीला बाजाराच्या दिवशी आपण दोघं महारोगाचा दवाखाना लावायचो, ते दिवस हल्ली फार आठवतात. तुम्ही पीस फिरवून अंगाचा बधिर भाग शोधायचात आणि मी कार्ड भरायची. कार्डावर माणसाची आकृती छापलेली असे. जिथे चट्टा, तिथे पेन्सिलीनं रंगवायचं. माझं अक्षर चांगलं होतं आणि या कामात ते फारसं लागतच नव्हतं, याचं मला वाईट वाटे.

ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून एक बाई थेट अल्लीपूरहून यायची. ती बरी झाली होती, दंडावर नुसता पुसट डाग उरला होता. तपासायला येणारे डॉक्टर तसं लिहून देणार आणि ती सासरी, आपल्या लेकीजवळ जाणार, असं ठरलेलं. त्या दिवशी डॉक्टर कार्ड बघतात, तिचा दंड बघतात आणि म्हणतात, "कार्डावर उजवा दंड आहे. हा डावीकडचा नवा दिसतो. अजून वर्षभर गोळ्या."

"डाक्टरसाहेब, डाग जागचा हालला नाई," ती म्हणते. "त्याले काय पाय फुटले?"

तुम्ही कार्ड हातात घेतलं आणि तुम्हाला कळलं. तिनं डावा दंड सांगितला तेव्हा मी कागदाची डावी बाजू रंगवली होती. आकृतीचं तोंड आपल्याकडे, म्हणजे तो तिचा उजवा झाला. "चूक माझी आहे, साहेब," तुम्ही म्हणालात. डॉक्टरांनी पुन्हा तपासून चिठ्ठी दिली. ती पदरात बांधताना बाई मला म्हणाली, "पोरी, त्या कागदावरच्या मानसाले काळीज काढून देजो. मंग डावं कोनतं ते समजते."

परतताना तुम्ही एवढंच बोललात, "समोरच्याचं डावं त्याच्या अंगानं पाह्यजो, आपल्या नाई." मग वाटभर "डागाले पाय!" म्हणून हसत होतात.

पुढे दोनेक वर्षांनी ब्रह्मदेशचे, सिलोनचे आणि आपले, या कामातले लोक वर्ध्याला बैठकीला बसले; तुम्ही नव्हतात, मी होते. रोगी एका देशातून दुसऱ्या देशात गेला तरी त्याचं कार्ड तिकडे वाचता यावं, म्हणून सगळ्यांचं कार्ड एकच करायचं होतं. डाव्या-उजव्यासाठी कोणत्या लिपीतला शब्द छापायचा यावर सकाळ गेली. मी कधी नव्हे ती उभी राहिले, अल्लीपूरच्या बाईची हकिकत सांगितली आणि आकृतीच्या छातीवर डावीकडे, काळजाच्या जागी, एक टिंब दिलं. ते सगळ्यांना पटलं. घरी आल्यावर तुम्ही मला ते दोनदा सांगायला लावलंत आणि आईला हाक मारून तिसऱ्यांदा.

एक मात्र मी तिन्ही वेळा गाळलं. तिथे सिलोनच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, ती चूक केली कोणी? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. सगळे हसले, चूक तिथल्या तिथे कबूल केली म्हणून तुमच्या मोठेपणाचं कौतुक झालं, आणि मी खाली बसले.