एकतीस मुलं आणि पत्रांचा डबा

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

घाईघाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

काल सातवीच्या एकतीस मुलांना आधुनिक कलेच्या संग्रहालयात नेलं. पहिल्या दालनात पोरं नुसती खिदळत होती. निळ्या रंगाने फासलेला भलामोठा कॅनव्हास बघून, आमच्या शाळेच्या भिंतीला तिकीट का नाही, असं एकाने विचारलंसुद्धा.

दुसऱ्या दालनात छताला दोऱ्यांनी टांगलेली शेकडो जुनी पत्रं होती. वर्गातली आमची चष्मेवाली मुलगी एकदम ओरडली, की हे तर बाईंचं अक्षर, वहीतल्या शेऱ्यांसारखं! मी जवळ जाऊन बघितलं. ताई, ती मी तुला लिहिलेली पत्रं होती!

मी हात पुढे करेपर्यंत तिने मोठ्याने वाचलंही: ‘ही मुलं म्हणजे दगड आहेत, यांच्यापुढे घसा फोडण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.’ हे नोकरीच्या पहिल्या वर्षीचं, वीस वर्षांपूर्वीचं आहे, असं मी सांगितलं. त्यावर तिने विचारलं, की मग आमच्याबद्दल काय लिहिलंय?

बसमध्ये कुणी गायलं नाही. आज वर्गात एकही हात वर झाला नाही. ही मुलं मला परत जवळ करतील का गं? असं कसं केलंस तू?

तुझी,
धाकटी

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

शेजारच्या चित्रकार बाईंनी त्यांच्या चित्रासाठी हाताने लिहिलेले जुने कागद मागितले. मला वाटलं, कापून चिकटवतील. तुझ्या पत्रांचा अख्खा डबा दिला. चुकलं माझं. उद्याच त्या पत्रं उतरवताहेत.

पण एक बोलते. सात वर्षांत तुझं पत्र नाही, फोनवर नुसतं ‘बरंय’. तो डबा बघवेना मला. परवा पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तेव्हा आत काय आहे हे कळायच्या आधी मी हरखले होते, वेडी कुठली!

त्या पोरीला काय सांगितलंस? माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

काय सांगणार? त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली नव्हती मी. म्हणून आज वर्गातच लिहायला बसले. चष्मेवाली चुकीचं उत्तरही खणखणीत आवाजात देते. तिच्या मागची उंच मुलगी वहीच्या शेवटच्या पानावर माझीच चित्रं काढते, नाक फार मोठं काढते.

एवढं लिहून मुलांना वाचून दाखवलं. मग चष्मेवालीने हात वर केला. तिचं म्हणणं, बाई, अजून एकोणतीस जण राहिलेत.

तेव्हा पत्र लांबणार आहे. लोभ आहेच, तो तसाच ठेव. आणि डबा परत आला की घासूनपुसून ठेव.

तुझी,
धाकटी