कपाट पोचत नाही तो सिनेमा

३ फेब्रुवारी

चि. ठकूस आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा बरा आहे, म्हणजे कुरकुरतो पण चालतो, तुझ्या बापासारखा. शेजारच्या शिंपिणीने नवा पडदा शिवलाय, हिरवा, डोळ्यांत खुपतो. असो, मुद्दा राहूनच जाईल.

तुझ्या सिनेमाचा शेवट बदललास तर मोठ्या थिएटरात लावतो, असं ते थिएटरवाले साहेब म्हणाले म्हणे. म्हणजे सिनेमातल्या मी कपाट घेऊन लेकीच्या दारी पोचायचं आणि तिच्या गळ्यात पडून रडायचं. का गं? टेम्पोत कपाट घालून निघालेली म्हातारी, रस्ता विचारायला लाजणारा ड्रायव्हर आणि कुठेच न पोचणं, हाच तर सिनेमा! शेवटी रस्त्याच्या कडेला मी रडायचं होतं. पण कॅमेरावाल्याची चप्पल चिखलात रुतली, तो एका पायावर नाचायला लागला आणि मला हसू फुटलं. तू तेच ठेवलंस. बरं केलंस.

सिनेमा आठवडाभरसुद्धा टिकला नाही, मान्य. पण परवा तुझ्या सिनेमाच्या त्या वेड्या पोरांनी गॅरेजवरच्या खोलीत लावला, तेव्हा मी मागे बसले होते. माझी वाक्यं माझ्याआधी तीच म्हणत होती! एक मुलगी म्हणाली, आजी, नोकरी गेली तेव्हा मी हा रोज बघायचे, तुम्ही पोचला असतात तर नसता बघितला. आता बोल!

तुझा बाप म्हणतो, इतक्या वर्षांनी पोरीचं नशीब उघडतंय, तू आडवी येऊ नकोस. मी आडवी येणारच. पोचायला मात्र येणार नाही, साहेबांना कळव.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी हट्टी आजी

१७ फेब्रुवारी

ती. आजीस ठकूचा शि. सा. न.

तू आली नाहीस, तर साहेबांनी तुझ्यासारखा चष्मा लावून दुसरी बाई उभी केली. रागावू नकोस, मीच हो म्हटलं. एकदा तरी मोठ्या पडद्यावर माझं नाव बघायचं होतं गं.

बाई गुणी. सांगितल्याबरोबर रडली. पण हमालांनी कपाट दारात घातलं आणि ते तिथेच अडकलं. लेक झालेली नटी आत कोंडली. बाहेर ही बिचारी गळ्यात पडायला कोणी नाही म्हणून कपाटाच्याच गळ्यात पडली आणि रडत राहिली. मी कॅमेरा बंद करू दिला नाही. साहेब ओरडले, कपाट काढा, परत घेऊ. मी म्हटलं, हेच ठेवा नाहीतर जुनंच राहू दे, पोचणं मिळणार नाही. ते गाडीत बसून निघून गेले.

मोठं थिएटर गेलं. बाबा बोलत नाहीत. मी खूप रडले, आणि खोटं कशाला, मधेमधे हसलेही. मी मूर्खपणा केला का, तेवढं सांग. मायेचा हात डोक्यावर असू दे.

तुझी ठकू

२१ फेब्रुवारी

चि. ठकूस अ. उ. आ.

केलास की! चांगला भरघोस मूर्खपणा केलास, आणि मला तो फार आवडला. पत्र वाचून इतकी हसले की शिंपीण धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागला. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, चहा दोनदा झाला.

थिएटर गेल्याचं वाईट वाटतंय तर वाटू दे. वाटायलाच हवं. पडद्यावर नाव बघावंसं वाटणं काही गुन्हा नाही, मीसुद्धा नटून आले असते. पण परक्याच्या मर्जीने पोचलेली म्हातारी बघत तू तिथे कशी बसली असतीस? बापाला माझ्याकडे धाड. शूटिंगला त्याला टेम्पोत बसायला बोलावलं होतं तेव्हा काम आहे म्हणाला होता, आता त्याचं मत कोणी विचारलंय?

गॅरेजवाल्या पोरांना सांगून टाकलंय, रविवारी जुना शेवट लावा, आणि माणसं उठायच्या आत हा नवाही लावा. उड्या मारतायत.

मला रुखरुख एकच लागलीय. ती बाई एवढी मनापासून रडली आणि सगळे बघत बसले कपाटाकडे! तिला रविवारी घेऊन ये, माझ्या शेजारी बसव. रडता येतं हे कळलं, आता तिला हसताना बघायचंय मला.

येताना रुसवा घरी ठेव, बाकी सगळं घेऊन ये.

तुझी आजी