कंसातला आकडा

नांदेड,
८ फेब्रुवारी २०२५

ती. जगदेवी आत्यास,
शिवानीचा शरणु शरणार्थ. वि. वि.

तुला ऐकू येत नाही, फोन करता येत नाही, याचं सगळ्यांना वाईट वाटतं. मला मात्र त्यामुळेच पत्र लिहायला एक तरी माणूस उरलं आहे.

बातमी अशी, की माझी भारताच्या संघात निवड झाली आहे. खोटं नाही, कागद आला आहे. थायलंडमध्ये वीस देशांच्या मुलींची हौशी गोल्फ स्पर्धा आहे. हौशी म्हणजे पैसे न घेता खेळणाऱ्या. आपल्या संघातल्या एका मुलीचं मनगट दुखावलं आणि तिच्या जागी मला बोलावलं. म्हणजे मी तिसरी. संघ तिघींचाच असतो. चार दिवस खेळायचं, आणि रोज तिघींपैकी ज्या दोघींचा खेळ चांगला झाला त्यांचेच आकडे संघाच्या बेरजेत धरायचे. तिसरीचा सोडून द्यायचा. चार दिवसांत एक दिवस तरी माझा आकडा धरला जावा, एवढीच माझी इच्छा आहे.

सराव काय, तो तुला माहीत आहे. आठवडाभर शाळेत मुलांचे खेळाचे तास घ्यायचे, पहाटे आसना नदीपलीकडे धुरपताबाईंच्या पडीक रानात चेंडू मारायचे आणि ते आपणच वेचून आणायचे. शनिवारी गाडीने सिकंदराबादच्या गोल्फ मैदानावर. घरमालकीण म्हणून धुरपताबाईंना काळजी वाटते. काल म्हणाल्या, की पोरी, एकटीच मारतीस, एकटीच आणतीस, ह्याला खेळ कशाला म्हनावं. मला हसू आलं, नंतर मात्र ते दिवसभर डोक्यात राहिलं.

कागद आला तेव्हा बाबा असते तर आधी चिन्नी म्हणून हाक मारली असती. ते गेल्यापासून त्या नावाने मला कुणी बोलावलं नाही. शाळेत मी हुडगे मॅडम, इथे मी पोरी.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो तसाच ठेव.

तुझी,
शिवानी


लातूर,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. शिवानीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी आलं. एकदा उभ्याने वाचलं, एकदा बसून. मग संगमेश्वरच्या दुकानात जाऊन त्याला दाखवलं. माझ्या दिराचा हा मुलगा फ्लेक्स छापतो, साऱ्या गल्लीच्या वाढदिवसांची खबर आधी त्याला. माझ्याशी बोलायचं असलं की तो पाटीवर लिहितो. त्याने लिहिलं, की काकू, लई मोठी गोष्ट हाय ही. स्पर्धेचे आकडे रोज मोबाईलवर दाखवीन असंही कबूल केलं. माझे कान गेले तरी डोळे शाबूत आहेत.

तुझा बाप तीस वर्षं त्या गोल्फच्या मैदानावर गवत राखायला होता, पण घरी आला की गवताबद्दलच बोलायचा. कोणतं गवत उन्हात तग धरतं, कोणतं पायाखाली मरतं. खेळ कसा असतो ते ना त्याने सांगितलं, ना मी विचारलं. एवढंच ऐकलं होतं, की बाई काठी घेऊन पाच तास चालते आणि शेवटी चेंडू एका बिळात घालते. त्यापेक्षा माझ्या घरी येऊन उंदरांची बिळं बुजवली असतीस तर पुण्य लागलं असतं.

थट्टा केली, राग मानू नकोस. या घरात थट्टा करायला दुसरं कुणी नाही. कानाचं यंत्र लावलं की भांडी ऐकू येतात, कुत्री ऐकू येतात, फक्त माणूस काय बोललं ते कळत नाही. म्हणून काढून ठेवलं आहे. माणसंही आताशा हात हलवून पुढे जातात.

सोबत विभूतीची पुडी आणि कारळाची चटणी पाठवते आहे. महाशिवरात्रीला तुझा खेळ सुरू होतो, तर मी दोन उपास धरणार, एक देवाचा आणि एक तुझा. तुझा आकडा धरला जाईल. मी सांगते ना.

माया आहे, ती पत्रातून किती येणार? समजून घे.

तुझी,
जगदेवी आत्या


थायलंड,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शरणु शरणार्थ. वि. वि.

दोन दिवस झाले. काल माझे एक्क्याऐंशी, आज एकोणऐंशी. दोन्ही दिवस धरले नाहीत. संघातल्या दोघी फार छान खेळतात आणि माझ्याशी फार चांगल्या वागतात. इतक्या चांगल्या, की त्याचंच दुःख होतं. जेवताना माझ्यासाठी खुर्ची ओढतात आणि मग आपसात बोलतात. खोल्या दोन. एकीत त्या दोघी, दुसरीत मी.

मैदानावर रोज दोन परदेशी मुलींबरोबर पाच तास चालते. पाच तासांत पाच वाक्यंही होत नाहीत. गवत मात्र असं, की बाबांनी चप्पल काढून पाय ठेवला असता. मी काल कुणी बघत नाही असं पाहून हात लावून बघितलं.

चटणी भातावर घेते. विभूती रोज लावते. अजून दोन दिवस आहेत. इथलं टपाल किती दिवसांनी पोचतं कोण जाणे. तिकीट कुठे मिळतं ते उद्या विचारते.

तुझी,
शिवानी


लातूर,
३ मार्च २०२५

चि. शिवानीस,
आत्याचे अनेक अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरी, तू तर कमाल केलीस! चारही दिवस संगमेश्वरने मोबाईल दाखवला. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. एक्क्याऐंशी, एकोणऐंशी, ऐंशी, पंच्याहत्तर. चारही दिवस तिघींत तुझाच आकडा मोठा! त्या दोघी एकदाही तुझ्यापुढे गेल्या नाहीत. आणि म्हणे तिसरी!

त्यात आणखी एक पाहिलं. तुझे चारही आकडे कंसात होते. बाकी दोघींचे नुसते, उघडे. संगमेश्वरला विचारलं, त्याने पाटीवर लिहिलं की काही खास असेल. मी त्याला सांगितलं, की मला ठाऊक आहे कंसात काय असतं. लग्नपत्रिकेत पोरीचं शाळेतलं नाव बाहेर असतं आणि घरचं नाव कंसात. जे आपलं, लाडकं, ते कंसात.

गोलाईच्या बाजारातून दोन किलो पेढे आणले आणि साऱ्या गल्लीत वाटले. संगमेश्वरने कोपऱ्यावर मोठा फ्लेक्स लावला. वर तुझा फोटो, खाली चारही आकडे, कंसासकट, आणि लिहिलं आहे, सलग चार दिवस सर्वाधिक. तळाला शुभेच्छुक म्हणून एकच नाव. श्रीमती जगदेवी हुडगे. लग्नानंतर नाव बदललं ते बदललं, यावेळी मी माहेरचं छापायला लावलं.

आता खरं सांगते. संगमेश्वरच्या लग्नात पत्रिकेवर सगळ्या काका-काकूंची नावं होती. माझं नव्हतं. विधवा बाई, कुणाच्या ध्यानातच आलं नसेल. काल त्या फ्लेक्सखाली उभी राहिले आणि माझं नाव वाचलं. रस्त्याने जाणारी माणसं थांबून माझ्याकडे बघून हसत होती. हात हलवून पुढे गेली नाहीत, थांबली. मला फार बरं वाटलं गं.

लवकर ये. आनंदाने चार घास जास्त जेवत जा.

तुझी,
जगदेवी आत्या


नांदेड,
८ मार्च २०२५

ती. आत्यास,
शिवानीचा शरणु शरणार्थ. वि. वि.

तुझं पत्र घरी माझी वाट बघत होतं. वाचलं आणि तीन दिवस उत्तर लिहिलं नाही.

आत्या, गोल्फमध्ये आकडा जितका कमी तितका खेळ चांगला. आकडा म्हणजे चेंडू एकेक करून अठरा बिळांत घालायला किती फटके लागले ते. चारही दिवस सर्वांत जास्त फटके मला लागले. आणि कंसात घालतात तो न धरलेला आकडा. माझे चारही धरले नाहीत. संघाच्या बेरजेत मी कुठेच नाही. इतकी वर्षं पत्रं लिहिली, ही साधी गोष्ट तुला सांगायची राहिली.

गप्प बसावं असं वाटलं. नांदेड-लातुरात हा खेळ समजणारं कोण आहे? पेढे वाटून झाले, फ्लेक्स लागला, तुझं नाव छापलं गेलं. तिथून लिहिलेल्या पत्राला मी तिकीट लावलंच नव्हतं, ते फाडलं असतं की झालं. फाडायला घेतलंही. पण शेवटच्या दिवशी एक गोष्ट घडली, ती तुला सांगायची तर हेही सांगावंच लागतं.

त्या दिवशी मी चांगली खेळत होते. त्र्याहत्तर झाले असते. संघातल्या एकीचे बहात्तर आणि दुसरीचे चौऱ्याहत्तर होते, म्हणजे माझा आकडा धरला गेला असता. पण वाटेत चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. तिथे फटका मारण्याआधी काठी वाळूला लागता कामा नये. माझी लागली. बोटभर रेघ उमटली. कुणी पाहिलं नाही, बरोबरच्या मुली लांब होत्या. बाबा रोज सकाळी दाताळ्याने खड्ड्यांतली वाळू सारखी करायचे आणि मी काठावर बसून बघायची. त्यांना ती रेघ दिसली असती. मी हात वर केला आणि सांगितलं. दोन फटक्यांचा दंड. पंच्याहत्तर. कंसात. आपला संघ त्यामुळे एक क्रमांक खाली गेला.

कुणी मला वाईट बोललं नाही. बसमध्ये माझ्या शेजारची जागा तेवढी रिकामी राहिली. घरी आले तर कुलूप उघडायलाही मीच. तेव्हापासून मला सारखं वाटतं आहे, की मी सगळीकडे अशीच आहे, यादीत नाव आहे पण बेरजेत नाही.

तुझा फ्लेक्स माझ्यामुळे खोटा ठरला, त्याची माफी कशी मागू ते कळत नाही. ते न टाकलेलं पत्रही या पाकिटात घालते आहे.

रागावलीस तरी पत्र लिही. न लिहिणं मला सोसणार नाही.

तुझी,
शिवानी


लातूर,
१५ मार्च २०२५

चि. शिवानीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन्ही पत्रं मिळाली. पहिला दिवस मला फार लाज वाटली. दार लावून बसले. कुणी वाजवलं असेल तरी मला कुठे ऐकू येणार? तुझाही थोडा राग आला, खोटं कशाला बोलू.

संगमेश्वरने पाटीवर लिहिलं, की काकू, राहू द्या, कुणाला काय कळतंय. मला ते पटलं नाही. तिथे कुणी बघत नसताना तू हात वर केलास आणि इथे मी सगळ्यांच्या देखत खोट्याखाली उभी राहू का? सकाळी घरोघरी गेले आणि सांगितलं, की माझं चुकलं, पोरीचा आकडा शेवटचा आहे. मग वाळूची गोष्टही सांगितली. एकीने हातवारे करून विचारलं, की खाल्लेले पेढे आता परत मागता का. दुसरीने मला आत बोलावून चहा पाजला आणि ती वाळूची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. सगळ्यांनी असं केलं असं नाही. तिघी-चौघींनी दारातूनच मान हलवली.

फ्लेक्स उतरवला. फेकवला नाही. गच्चीवर उलटा अंथरून त्यावर कुरडया घातल्या आहेत. खाली तोंड करून तू आणि मी, वर कुरडया. चांगल्या खडखडीत वाळत आहेत.

आता कंसाचं बोलू. तू मला सगळं समजावलंस, पण ते मी मानत नाही. त्या लोकांचा कंस त्यांच्यापाशी. आपल्याकडे कंसात घरचं नाव असतं, आणि ते बेरजेसाठी नसतंच, हाक मारण्यासाठी असतं. तुझा बाप, राजशेखर, गेला त्या दिवसापासून मी तुला शिवानीस, शिवानीस असं लिहीत आले. तुझी ती चिन्नी ही हाक त्याच्याबरोबर गेली असं समजून मी ती घेतली नाही, आणि तू तिची वाट बघत होतीस. चूक माझी आहे. या पाकिटावर तुझं नाव कसं लिहिलं आहे ते परत बघ. पोस्टातल्या बाईने कंसावर बोट ठेवून विचारलं, की हे कोण. मी मोठ्याने सांगितलं, बहुतेक फारच मोठ्याने, कारण सगळ्यांनी वळून पाहिलं.

माझंही एक कंसातलं नाव आहे. तुझा बाप मला पुट्टी म्हणायचा. कानडीत पुट्टी म्हणजे लहानगी. हल्ली रंगाच्या दुकानांवर भिंतीला लावायची पुट्टी असं लिहिलेलं दिसतं आणि मी उगीच थांबते. तो गेल्यापासून पाच वर्षांत ते नाव कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तरी मला ऐकू आलं नसतं, हे खरं. पण लिहिलेलं मला वाचता येतं.

येत्या शनिवारी सिकंदराबादची गाडी सोड आणि लातूरची धर. कुरडया तळते. आणि येण्याआधी एक पत्र टाक, पाकिटावर माझं पूर्ण नाव घालून.

तुझी आत्या,
जगदेवी (पुट्टी)