गल्लीच्या वळणावरचा दगड

ती. किकुए ताईस,

कमरेतून वाकवेल तेवढं वाकून तोकुझोचा नमस्कार (वाकल्यावर सरळ व्हायला हल्ली मित्सुचा हात लागतो). तुमच्याकडचे डोंगर एव्हाना लाल झाले असतील आणि बर्फाच्या धास्तीनं भावजी छपराच्या डागडुजीला लागले असतील. त्यांना म्हणावं, या वयात शिडी चढू नका. तुझे गुडघे काय म्हणतात? आमचं इकडं टोकियोत सगळं बरं चाललंय.

तुझं पत्र पोचलं. आईच्या तेराव्या वर्षाच्या श्राद्धाला तू पुढच्या महिन्यात येतेस, शेतातले चाळीस मुळे घेऊन येतेस आणि लोणच्यावर दाबाला ठेवायच्या आईच्याच दगडाखाली स्वतःच्या हातानं लोणचं घालून जातेस, हे वाचून आम्हाला इतका आनंद झाला की मित्सु त्या दिवशी जेवलीच नाही. दगडाची तू खुशाली विचारलीस. दगड ठणठणीत आहे. मोकळी हवा मिळते, माणसांत असतो. दर हिवाळ्यात आम्ही पाठवतो त्या लोणच्याच्या बरणीचं तू भरभरून कौतुक केलंस, त्यावर मी काय बोलणार? दगडाचाच गुण तो.

आता जरा माझं ऐक. अडतीस वर्षं मी या शहरात बस हाकली, पण पुढच्या गाडीचं बूड सोडलं तर शहराचं काही पाहिलं नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या गल्लीबोळ इतिहास मंडळात नाव घातलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून आम्ही वीस-बावीस म्हातारी माणसं कुणालाही नको असलेल्या जागा बघत हिंडतो. प्रमुख ओनोदेरा मास्तर (शाळेत इतिहास शिकवायचे, शाळेनं त्यांना सोडलं, त्यांनी आम्हाला सोडलं नाही). पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, की तोकुझोसान, तुमच्या मार्गावरच्या सहाव्या थांब्यामागं काय आहे? मी म्हटलं, पाचवा थांबा. झालं! मंडळी पोट धरधरून हसली. तिथं म्हणे तलवारींना धार लावणाऱ्या कुणा मोठ्या कारागिराची समाधी आहे. अडतीस वर्षं मी तिच्या तोंडावर धूर सोडला होता. ताई, मला फार लागलं ते. त्या दिवसापासून मंडळात माझं नाव ‘पाचवा थांबा’ पडलं.

मंडळाचा नियम असा, की पाळीपाळीनं एकेकानं झेंडी हातात घेऊन पुढं व्हायचं आणि खुद्द मास्तरांनाही ठाऊक नाही अशी एक तरी जागा दाखवायची. सप्टेंबरात माझी पाळी आली. मी ग्रंथालयात दोन आठवडे बसून (मित्सुच्या मते झोपून) तीन जागा शोधल्या. निघालो. पहिली जागा जुनी विहीर. तिच्यावर थंड चहाच्या डब्यांचं यंत्र उभं. निदान पाणी तरी तिथंच मिळतंय, असं मी म्हणून पाहिलं. कुणी हसलं नाही. दुसरी जागा एका सामुराईच्या न्हाव्याचं घर. गेल्याच महिन्यात पाडलेलं, तिथं मोटारी लावलेल्या. तिसरं कोल्ह्याचं देऊळ; ते जागा अपुरी पडते म्हणून एका इमारतीच्या गच्चीवर नेलेलं, आणि लिफ्ट रविवारी बंद. बावीस माणसं ऊन खात माझ्या मागं. मास्तर झेंडीकडं बघून गालात हसत होते, आणि मागून कुणीतरी म्हणालंच, “आता पुढचा थांबा कुठला, हो?”

वाट फुटेल तिकडं चालत सुटलो तो सवयीनं आपल्याच गल्लीत शिरलो. तोफूवाल्या म्हातारीच्या दुकानाशेजारी, आमच्या घराच्या वळणावर, एक दगड आहे. मी थबकलो, झेंडी वर केली आणि म्हणालो, हाच तो. काय हाच, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण तोंडाला येईल ते सांगत गेलो. काय सांगितलं ते आत्ता विचारू नकोस, पण तोफूवाली म्हातारी हात पुसत बाहेर आली आणि पदर लावावा तसा तिनं टॉवेल डोळ्यांना लावला. सगळ्यांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांना एखादी गोष्ट ठाऊक नाही असं आजवर घडलं नव्हतं, आणि त्या दिवशीही त्यांनी ते घडू दिलं नाही. “अर्थात!” असं म्हणून त्यांनी टोपी काढली. “जुन्या नकाशात याची खूण आहे.”

मंडळाच्या पत्रिकेच्या पुढच्याच अंकात त्यांचा चार पानी लेख आला, त्यात माझं नाव एकदा, तेही शेवटच्या पानावर. मग काय विचारतेस! तोफूवालीनं दगडाला देवाला बांधतात तसं लाल लाळेरं बांधलं. कुणी गवताची दोरी गुंडाळली. आता रोज सकाळी पुढ्यात संत्री असतात, एखादी साकेची वाटी असते. परवा कुणाचा तरी गुडघा बरा झाला. कचऱ्याच्या गाडीवाला टोपी काढून जातो. महापालिकेची माणसं माप घेऊन गेली, तिथं पाटी लागणार आहे. मीही जाता-येता वाकतो. न वाकून सांगतो कुणाला?

असो. भावजींना नमस्कार. सांभाळून ये.

तुझा,
तोकुझो

ता. क. येताना मुळ्यांबरोबर गावच्या नदीतला एक दगडही घेऊन ये. बारा-तेरा किलोचा, गोल, खालून सपाट. सहज आपला.

ता. क. पुन्हा. ताई, तू ओळखलं असशील. तो आपल्या आईचाच दगड. या उन्हाळ्यात सामानाच्या गाड्या वळताना मित्सुच्या कुंड्या फोडायला लागल्या, म्हणून मी तो तात्पुरता कोपऱ्यावर ठेवला. आता उचलला तर गल्ली मला उचलेल. आणि त्या दिवशी मी खोटं असं फारसं बोललोच नाही. थापा मारायची सवय नाही, माझ्या तोंडून फक्त थांब्यांची नावं निघायची. एकोणीस वर्षांची नवी नवरी, घरातला दाबाचा दगड फुटला आणि सासूनं खापर फोडलं ते तिच्या पायगुणावर. मग ती एकटी नदीवर गेली, दगड निवडला, पाठीला बांधला आणि बर्फातून तीन कोस चालत आली, आणि पुढं त्या दगडाखाली तिनं अकरा माणसांचे पन्नास हिवाळे काढले. एवढंच सांगितलं. वर्षं मात्र दोनशे वाढवली. आई गेली तोवर तिच्यापुढं कुणी मान लववल्याचं मला आठवत नाही. मीसुद्धा नाही. दुसरा दगड तू उचलू नकोस, नुसता निवडून ठेव. तू निघायच्या आदल्या दिवशी मी गावी येतो आणि पाठीवर घेतो.

वन्सं, हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलंय, म्हणून मागच्या कोऱ्या जागेत चार ओळी लिहिते. दगड या उन्हाळ्यात नाही, तीन वर्षांपूर्वीच बाहेर गेला. तुम्ही नावाजलेल्या तिन्ही बरण्या स्टेशनजवळच्या दुकानातल्या. लेबल मी काढायची, गाठ हे बांधायचे. रोज पहाटे दगडापुढं हात जोडून पुटपुटतात, “आई, बरण्यांचं तेवढं ताईला कळू देऊ नकोस.” पण सासूबाईंच्या पोटात हयातीत कधी काही राहिलं नाही, ते आता कुठलं राहायला? तुम्ही या. मुळे पन्नास आणा. — मित्सु