पहिली ओळ लाभाची

३ एप्रिल, सकाळी
सोलर बसवणार. वीज आमच्या टोल्यापर्यंत, गावाबाहेरच्या या वस्तीपर्यंत येणार, हे वीस वर्षं ऐकतेय. एटापल्लीहून प्रफुल येऊन गेला. सोलरचंच काम करतो. म्हणाला, "बाई, घरात काय काय चालते, किती वॅट, किती तास, सगळं लिवा. त्यावरच बॅटरी ठरते. कमी लिवलं तं बॅटरी मरून जाईल, मंग मले बोलू नका." मला शिकवतो! किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून मी वाचायला शिकले. मला बेरीज जड नाही.

दुपारी
यादी केली. धान मोजताना पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. म्हणून पहिली ओळ लाभ. आकडा नाही.
बल्ब, ९ वॅट, ५ तास: ४५. मोबाइल: १०. रेडिओ, ५ वॅट, ५ तास: २५. बेरीज ८०. एकट्या बाईला लागतं किती?

१२ एप्रिल
बसलं. संध्याकाळी आठ पानं वाचली, डोळ्यांत धूर न जाता. आजपासून रोज दहा पानं. नियम म्हणजे नियम.

१५ एप्रिल
दुसऱ्या पानावर बल्ब गेला. बॅटरीत खोट आहे.

१६ एप्रिल
पॅनेल तीनदा पुसलं. मोहाची फांदी तोडली. सावली पॅनेलवर पडत नव्हती, हे नंतर दिसलं.

१८ एप्रिल
चोर सापडला. शेजारच्या कुंताचा मोबाइल रोज इथे चार्जिंगला असतो. उद्यापासून बंद. ती तोंडाळ. आत डोकावून म्हणाली, "काऊन बाई, रिकाम्या खाटेले हवा घालून राह्यल्या?" म्हटलं, गादी वाळवतेय. म्हणाली, "एप्रिलमंधी? सहा दिवसांपासून?"
शिकलेली असती तर असं बोलली नसती.

२२ एप्रिल
एक पान. प्रफुलला फोन करायचा तर माझा मोबाइल उतरलेला. कुंताचा मागावा लागला. तिने दिला. हसून दिला.

२४ एप्रिल
प्रफुल आला. तारा तपासत खाटेपाशी थांबला. पंखा फिरत होता. "हा यादीत कुठी हाये, बाई?" पहिली ओळ दाखवली.
तो म्हणाला, "माही आजी बी लाभच म्हने. पर तिची दुसरी पायली दोनच राहे. लाभ मोजल्या जाते, बाई."
मग सांगून टाकलं. गेल्या मे महिन्यात हे त्या खाटेवर आजारी पडून होते. नऊ दिवस विंझण्याने वारा घातला. दहाव्या दुपारी माझा डोळा लागला, हात थांबला. जाग आली तेव्हा ज्यांना वारा घालायचा, तेच उरले नव्हते. पंखा नंतर घेतला.
प्रफुल बराच वेळ स्क्रू आवळत बसला. घट्टच होता तो. मग म्हणाला, "बॅटरी अजून जिती हाये. मोठी लावू, का पंखा कमी करता?"
मोठी नको म्हटलं.

२५ एप्रिल
नवी यादी. पहिली ओळ: पंखा, २० वॅट, १२ तास, २४०. खोडलं. पंखा, १ तास, २०. कुंताचा मोबाइलही लिहिला. एकूण ११०. एका तासाच्या वर एक मिनिट नाही.
दुपारी वारा कसा लागतो ते बघायला त्या खाटेवर पडले. बरा लागतो. डोळा लागला. जाग आली तर चार तास झाले होते.
पंखा थांबला नव्हता. आज वाचन नाही.