दोन दारांची खोली

९ जानेवारी

सप्टेंबरपासून एक ओळ नाही. माफी असावी, वहीबाई! लिहायला काही नव्हतं असं नाही. जे होतं ते कागदावर उतरलं की खरं झालं असतं, म्हणून टाळलं.

आता मंडळाच्या अध्यक्षांनी काम गळ्यात घातलंय — सगळी वस्ती ज्यांना काका-काकू म्हणते त्यांच्यावर स्मरणिका. काका जाऊन सहा वर्षं झाली, काकू चौऱ्याऐंशीच्या. आमच्या या मूठभर ज्यू वस्तीत जे जे उभं आहे — सिनेगॉगचं छप्पर, मुलांची हिब्रूची शाळा, दवाखाना — त्या सगळ्याला या नवराबायकोचा हात लागलाय. मार्चमध्ये सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं.

"तूच लिही. सचिव आहेस, भाषाही चांगली आहे."

भाषा चांगली आहे हो. मन चांगलं नाही.

१० जानेवारी

लिहूनच टाकते. मला वाटतं, काकू खोलीतलं सामान घरी नेतात.

११ जानेवारी

नीट लिहायला हवं, नाहीतर उद्या माझंच मला कळणार नाही.

सभागृहामागची खोली काका-काकूंनीच चाळीस वर्षांपूर्वी सुरू केली. एका दाराने आत जायचं, दुसऱ्याने गल्लीत बाहेर पडायचं. आत फडताळं — पीठ, साखर, तेल, औषधं. ज्याला ठेवायचं त्याने ठेवावं, ज्याला लागेल त्याने न्यावं. नियम एकच: शुक्रवारी, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक घरातलं एक माणूस पिशवी घेऊन एकटं आत जाणार. डॉक्टर असो की शिंपीण. म्हणजे कोण देतं, कोण घेतं, हे कळायलाच नको. काका म्हणायचे, "आपल्यात दानाला जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी न्याय. न्याय करताना तोंड कशाला बघायचं?"

आमच्या घरून मी जॅमच्या बरण्या ठेवते. झाकणावर हिरव्या पेनने तारीख. सवय!

माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दोन्ही दारं दिसतात. बघायचं नसतं. मी बघितलं. काकू आत जाताना पिशवीची घडी काखेत, बाहेर येताना तीच पिशवी खांदा ओढत होती. ऑगस्टात एकदा. सप्टेंबरात तीनदा.

१४ जानेवारी

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "तू पोलिसात भरती व्हायला हवं होतंस." मग म्हणाला, "म्हातारपणी होतं असं. माझी आत्या हॉटेलातले चमचे आणायची."

हसले. मग रागच आला. काकूंचा एवढा मोठा बंगला, पुढचा भाग दवाखान्याला भाड्याने, आणि गरिबांच्या फडताळावर हात? की मला मोठी माणसं खाली आलेली बघायचीच आहेत? तेही असेल. पण पिशवी तर खरी होती.

१८ जानेवारी

अध्यक्षांना सांगितलं.

"पुरावा?"

"डोळे."

"मग सगळ्यांच्याच डोळ्यांची सोय करू."

आत जायच्या दाराची वरची फळी काढून काच बसवायची. 'सुरक्षिततेसाठी' अशी सूचना लावली. अक्षर माझंच.

२७ जानेवारी, शुक्रवार

काच बसली. मी खिडकीत, पडद्याआड.

काकू आल्या. दाराशी थांबल्या. काचेवरून बोट फिरवलं. आत गेल्या, लगेच गल्लीत बाहेर आल्या. पिशवीची घडी तशीच. मान वर करून माझ्याकडेच बघितलं — पडदा काय कामाचा!

"छान केलंस गं. उजेड आला."

पकडलं! — असंच वाटलं मला. खोटं कशाला लिहू?

३ फेब्रुवारी

काकू आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणे.

रखवालदार म्हणाला, "गुडघे शिंपिणीचेपण दुखायला लागलेत, बाई. पेन्शनवाल्या मास्तरांचेपण. काच लागली आणि अख्ख्या वस्तीला संधिवात झाला!"

फडताळं गच्च भरलेली. माझ्या बरण्या जशाच्या तशा.

१० फेब्रुवारी

आजही नाही. अध्यक्ष खूश. "चोराच्या मनात चांदणं. सभागृहाच्या नावाचं राहू दे. सोमवारी बैठकीत तूच बोल."

बोलेन म्हणाले. पण रखवालदाराचा तो संधिवात डोक्यातून जात नाही.

१२ फेब्रुवारी

काकूंकडे गेले. निमित्त स्मरणिकेसाठी फोटो. खरं कारण — बोलण्याआधी एकदा डोळ्यांत बघावं.

दवाखान्यातली नर्स म्हणाली, "त्या मागच्या खोलीत."

"आणि बाकीचं घर?"

"बाकीचं कुठलं? सगळं घर दवाखान्याचं. काका जायच्या आधीच दोघांनी लिहून दिलं. भाडं कसलं? कुणाला सांगू नका म्हणाले होते."

एक खोली. कॉट, काकांचा फोटो, खिळ्याला पिशवी. काकूंनी कपातून गरम पाणी दिलं. "चहा संपलाय. बाहेर पडणं होत नाही हल्ली." मी पाणी प्यायले.

फळीवर तीन रिकाम्या बरण्या, धुऊन पालथ्या घातलेल्या. शेजारी झाकणं. त्यांवर हिरव्या पेनने तारखा. शेवटची तारीख २० जानेवारी — काच लागायच्या आधीचा शुक्रवार.

त्यानंतर तीन शुक्रवार गेले.

काकू म्हणाल्या, "आमच्याबद्दल फार लिहू नकोस. खोलीचा नियम तेवढा नीट लिही. पोरं विसरतील."

"नियम सगळ्यांना लागू होता?" माझ्या तोंडून गेलं.

"म्हणजे काय! आम्ही काय आभाळातून पडलो?"

फोटो न घेताच आले. वाटेत दुकानात शिरले. पीठ, साखर, चहा घेतला आणि अर्ध्या रस्त्यातून काकूंकडे वळले. मग थांबले. हे सामान त्यांच्या हातात दिलं, तर ती दुसरी काच. परत फिरले आणि खोलीत ठेवून आले. पण तिथून न्यायला त्या येणार कशा?

१३ फेब्रुवारी

बैठक झाली. मी म्हणाले, "मी काही पाहिलं नाही."

अध्यक्ष लालबुंद. "मग इतके दिवस काय सांगत होतीस?"

सचिवपद गेलं तर जाऊ दे. चाव्या मात्र अजून माझ्याकडे आहेत.

उद्या: सुतार. काच काढून जुनी फळी. शुक्रवारच्या आत.